डासाच्या अळ्यांची बरणी: सोलापुरातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे घर जुळे सोलापुरातलं. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. वडील एका पतसंस्थेत नोकरीला, आई घरीच ब्लाऊज शिवते. आजी, म्हणजे वडिलांची आई, आजोबा गेल्यावर मोहोळ तालुक्यातलं गाव सोडून इथं राहायला आल्या. मुलं दोन. थोरला त्या जूनमध्ये पाचवीत गेला होता. घरात त्याला सगळे दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणते. धाकटी पाच वर्षांची. मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहते आणि विज्ञान शिकवते, पण दादा माझ्या शाळेतला नाही. त्या कुटुंबाच्या संमतीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घडलं तो क्रम तसाच ठेवला आहे.

दादाला लहानपणापासून एका जागी बसून बघत राहायची सवय. संध्याकाळी ट्यूबलाइटपाशी पाल आली की घरातली जेवणं होईपर्यंत ती किती किडे खाते, ते तो मोजायचा. मुंग्यांच्या रांगेत साखरेचा दाणा ठेवण्याऐवजी मिठाचा ठेवायचा आणि मुंग्या कुठून वळतात ते बघायचा. त्यानं काही विचारलं तर प्रश्न छोटा असायचा आणि त्याचं उत्तर चटकन देता यायचं नाही.

वडिलांना याचं कौतुकच होतं. त्यांना स्वतःला शास्त्र शाखेत पुढे शिकायचं होतं, ते राहून गेलं. मुलाचा कल दिसल्यावर ते मनापासून कामाला लागले. साडेतीन हजारांचं विज्ञान किट मागवलं. चौथीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी ज्वालामुखी केला. थर्माकोल त्यांनी कापला, रंग त्यांनी दिला, खायचा सोडा आणि व्हिनेगर किती घ्यायचं ते त्यांनी ठरवलं, माहितीचा तक्ता आईनं सुवाच्य अक्षरात लिहिला. दुसरा नंबर आला. दादानं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि तो पालीखाली जाऊन बसला.

मला त्या ज्वालामुखीची एक गोष्ट फार लागते. सोलापूरच्या जमिनीखालचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत थंड झालेला लाव्हाच. त्या घराच्या पायात तोच दगड आहे. थर्माकोलचा डोंगर करताना पायरीखालच्या त्या दगडावर मुलाचा हात ठेवावा, असं कुणाला सुचलं नाही. किट तर कपाटावर खोक्यातच राहिलं.

अडचण

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे घरोघरी बॅरल, टाक्या, हौद भरून ठेवलेले असतात. जूनच्या शेवटी दादाला बॅरलच्या तळाशी उरलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्यानं लोणच्याची रिकामी बरणी घेतली, मगानं अळ्या तीत सोडल्या, तोंडाला वर्तमानपत्राचा कागद रबरानं बांधला आणि बरणी आईच्या शिलाई मशीनमागे ठेवली. सांगितलं असतं तर फेकून दिली असती, म्हणून सांगितलं नाही.

गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं रोज चित्र काढलं. त्या नोंदी मी नंतर पाहिल्या. 'डोकं खाली, शेपटी वर, पाण्याला चिकटून लटकतात.' 'हाताची सावली पडली की सगळ्या खाली पळतात.' 'आज तीन जाड झाल्या, स्वल्पविरामासारख्या. खात नाहीत पण पळतात.' पाचवीतल्या मुलानं पुस्तक न बघता अळीची श्वासनळी, तिची सावलीची भीती आणि कोष, तिन्ही टिपलं होतं.

त्याच सुमारास धाकटीला ताप भरला. तीन दिवस उतरेना म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. आसपास डेंग्यूची कुजबुज होतीच. त्या रात्री वडील घरात डास शोधत फिरले आणि मशीनमागची बरणी सापडली. कागद ओला होऊन फाटलेला, आत काही कोष रिकामे. वडिलांनी बरणी नालीत ओतली. "तुझ्यामुळं हिला डेंग्यू झाला तर?" एवढंच ते म्हणाले, पण घरातल्या सगळ्यांसमोर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डेंग्यू नव्हता, साधा व्हायरल होता. पाचव्या दिवशी धाकटी पुन्हा खेळायला लागली. सगळे सुटल्यासारखे झाले. रिपोर्टचं दादाला मात्र कुणीच सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं नाही. त्याला सांगायला हवं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आई माझ्याकडे आली ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. सोबत दोन गोष्टी होत्या. एक गणिताची वही. दुसरी शाळेच्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका. 'डासाच्या जीवनचक्राची आकृती काढा,' हा प्रश्न त्यानं कोरा सोडला होता. "मॅडम, ह्याला हे येतं की हो," ती म्हणाली. "वहीत नऊ दिवस काढलंय त्यानं. मग इथं का सोडलं?" शिवाय त्या रात्रीपासून तो पालीखालीही बसला नव्हता. रात्री झोपलेल्या बहिणीच्या कपाळाला हात लावून बघायचा.

समोर असलेले पर्याय

वडिलांचं मत आधी साफ होतं. किडे, पाणी, माती घरात नको, विज्ञान शाळेत शिकवतात तेवढं पुरे. या मताला हसण्यासारखं काही नाही. ज्या शहरात पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही, तिथं अळ्यांची उघडी बरणी हा खरा धोका आहे, आणि ज्याची लेक तापानं फणफणली होती त्या बापाला तो दिसणारच.

दुसरा पर्याय शनिवार-रविवारच्या क्लासचा. शहरात असे वर्ग निघाले आहेत, रोबोटिक्सचे, प्रयोगांचे. खरं सांगायचं तर मीही आधी तेच सुचवलं. केगावच्या बाजूला विज्ञान केंद्र आहे, तिथं नेत चला, असंही म्हटलं. त्यावर आई जे म्हणाली त्यानं माझं मत बदललं. "त्याला अजून शिकवायला नको, मॅडम. तो घरात बोलत नाही, त्याचं बघा."

तिसरा मार्ग म्हणजे किट उघडून वडिलांनी रोज अर्धा तास त्याच्याबरोबर बसायचं. चांगला हेतू, पण ज्वालामुखीचा अनुभव ताजा होता. किटमधल्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर पुस्तिकेत आधीच छापलेलं असतं. ज्या मुलाला नऊ दिवस बघून आपलं आपण शोधायची गोडी आहे, त्याला ते पुरत नाही. आजींचा आग्रह वेगळाच होता: पोराला सुट्टी पडली की मामाच्या शेतावर सोडा, आपोआप होईल सगळं. त्यांचं अर्धं बरोबर होतं. पण मुलाच्या मनात गाठ पडली होती ती घरात, आणि दिवाळी अजून तीन महिने लांब होती.

राहिला चौथा: घरातच एक कोपरा त्याचा करायचा, धोका कुठं आहे ते त्यालाच समजावून द्यायचं आणि मोठ्यांनी हात मागे ठेवायचा. शेवटचं सगळ्यात अवघड जाणार, हे मला तेव्हाच वाटलं होतं.

काय केलं

सुरुवात कोपऱ्यानं केली नाही. आधी रिपोर्ट.

वडिलांनी प्रयोगशाळेचा कागद काढून दादासमोर ठेवला आणि डेंग्यू नव्हता हे सांगितलं. मी त्यांना आधी एक गोष्ट समजावली होती, ती त्यांनी आपल्या शब्दांत मुलाला सांगितली. कोषातून निघालेला डास सहसा आजार घेऊन जन्मत नाही. त्यानं आधी डेंग्यूच्या रुग्णाला चावावं लागतं, मग आठ ते बारा दिवस विषाणू डासाच्या अंगात वाढतो, तेव्हा कुठे तो दुसऱ्याला देऊ शकतो. चावल्यावरही ताप यायला चार ते दहा दिवस जातात. बरणीतले पहिले डास निघून दोनच दिवस झाले होते आणि धाकटीला ताप त्याच्या आधीपासून होता. दादानं बोटं मोजली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा प्रश्न विचारला: "मग ते डास कुठं गेले असतील?" वडील म्हणाले, "तेच तर. कुठेतरी पाणीच शोधणार ना." आणि दोघं टॉर्च घेऊन बॅरलकडे गेले.

त्या बॅरलनं पुढचे आठ दिवस खाल्ले. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. पाणी ओतून टाकलं तरी ती तिथंच राहतात, कित्येक महिने कोरडी टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून बॅरल नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. दादानं किटच्या खोक्यातून भिंग काढलं. खोकं उघडलं ते असं. बॅरलच्या आतल्या बाजूला भिंग धरल्यावर रेषेवर खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके दिसले. आजी आत डोकावून म्हणाल्या, "मी आठवड्याला पाणी बदलते, आन् हे इथंच बसून हायत व्हय?" त्या दिवसापासून काथ्यानं घासायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

आईनं अस्तराच्या कापडाचं झाकण शिवायचं ठरवलं, कडेला इलॅस्टिक घालून. माप दादानं घेतलं. पहिलं झाकण सैल झालं, कारण त्यानं सुतळी बॅरलच्या पोटाला लावून मोजलं होतं, तोंडाला नाही. आईला ते कापायच्या आधीच कळलं होतं, पण ती गप्प बसली. पाव मीटर अस्तर वाया गेलं. त्यातून मुलगा जे शिकला त्यापुढे ते स्वस्तच पडलं, असं मला वाटतं.

दादाला एक बॅरल उघडं ठेवून तुलना करायची होती. इथं आई ठाम राहिली: उघडं बॅरल नाही. बोलाचालीनंतर ठरलं ते असं. एक वाटी उघडी ठेवायची, अळ्या दिसल्या तर बघायच्या, पण तिसऱ्या दिवशी वाटी उन्हात, कोरड्या मातीत ओतायची. तीन दिवसांत अंड्याचा डास होत नाही. हा नियम त्यानं स्वतः वहीत लिहिला. पुढे कोपऱ्यासाठी आणखी दोन नियम झाले. घरात आणलेला कुठलाही जीव आईला दाखवायचाच. आणि त्याच्या प्रश्नावर कुणीही मोबाइल काढायच्या आधी त्यानं स्वतःचा अंदाज लिहायचा. तिसरा नियम वडिलांसाठीच होता, त्यांनी तो मान्य केला आणि सुरुवातीला बऱ्याचदा मोडला.

कढीपत्त्यावरचे पाहुणे

गच्चीवर तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावलेला आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आजींनी तक्रार केली की पानं कुरतडलीत आणि त्यावर चिमण्या घाण करून गेल्यात. दादा बघायला गेला आणि अर्ध्या तासानं खाली येऊन म्हणाला, "आजी, तुझी घाण चालायली."

लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची ती अळी होती. लहानपणी ती तपकिरी, मध्ये पांढरा डाग, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. शेवटची कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. दादानं काडीनं हलकंच टोचलं तर डोक्यामागून केशरी, दोन फाट्यांचं शिंग बाहेर आलं आणि कुजक्या लिंबाचा उग्र वास सुटला. वास धाकटीनं घेतला, आजींनी घेतला, आईनं लांबूनच घेतला. "एवढं शिंग आत कुठं मावतं?" दादानं विचारलं. वडिलांचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. दादानं अंदाज लिहिला: 'हातमोजा उलटा करून आत ढकलतो तसं असेल.' हे शब्दशः बरोबर आहे. अळी आपलं रक्त त्यात दाबून ते बाहेर काढते आणि मग पुन्हा आत ओढून घेते. उत्तर आधी ऐकलं असतं तर हातमोजा त्याला सुचला नसता.

पाच अळ्यांचे कोष झाले. प्रत्येक कोष शेपटीनं फांदीला चिकटलेला आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा, खांबावर चढलेल्या वायरमनच्या पट्ट्यासारखा. दादानं प्रत्येकाजवळ दोऱ्यानं तारखेची चिठ्ठी बांधली.

मग मधल्या एका कोषाचा रंग बिघडला. कडेला टाचणीनं पाडावं तसं भोक दिसलं. सकाळी आई कपडे वाळत घालायला गेली तेव्हा त्या भोकातून मुंगीहून लहान, हिरवट चमकणाऱ्या माश्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. फुलपाखराचा पत्ता नव्हता. मुलं अजून उठायची होती.

या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण मी याला समजते. आईनं मला गच्चीवरूनच फोन केला. कोष तोडून टाकावा आणि वाऱ्यानं पडला म्हणावं, असं तिच्या मनात होतं. मुलगा नुकता कुठे उभारी धरत होता, त्याला आणखी एक मरण दाखवायचं कशाला? वडील म्हणाले, आपण आधी वाचून घेऊ आणि अन्नसाखळी वगैरे नीट समजावून सांगू. मला दोन्ही पटत होतं आणि दोन्हींची भीतीही वाटत होती. निकाल आजींनी दिला: "मागल्या टायमाला कागुद दडवला, तवा काय झालं? लेकराला उठवा आन् दावा." कागद कुणी दडवला नव्हता, पण मुलाच्या बाजूनं बघितलं तर ते दडवल्यासारखंच झालं होतं, हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

दादाला उठवलं. धाकटी मागोमाग आली, बघितलं आणि रडायला लागली. दादा रडला नाही. त्यानं कोषावर काचेचा पेला उपडा धरला आणि मोजायला लागला. एकेचाळीसपर्यंत मोजलं, मग माश्यांची सरमिसळ झाली. त्या दिवशी वहीत एकच ओळ आहे: 'आमच्या नकळत कधी आत गेल्या?' त्यावर तो चार दिवस होता. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका अळीनं कात टाकून कोष केला, तेव्हा त्याला तिच्या शेजारी तशीच एक बारीक माशी बसलेली दिसली. कोष नवा आणि मऊ असतो तेवढ्यातच ती टोचून आत अंडी घालते. गांधीलमाशीच्या दूरच्या भाऊबंदांतली ही परोपजीवी माशी. उत्तर त्यानं स्वतः गाठलं होतं. वडिलांनी फक्त नाव शोधून दिलं.

पुढचा धागा मामांनी जोडला. पंढरपूर तालुक्यात त्यांचा ऊस आहे. फोनवर हे ऐकून ते म्हणाले, "अरे, असलीच माशी आम्ही विकत आणतो!" उसाच्या पानामागे शेतकरी ट्रायकोकार्ड टाचतात. त्या कार्डावर तांदळातल्या पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात आणि प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाची परोपजीवी माशी वाढत असते. ती बाहेर पडून उसाच्या खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते, खोडकीड जन्मालाच येत नाही. कढीपत्त्यावर जी दुष्ट वाटली तीच उसात उपकारी. धाकटीला हे पटलं नाही. तिच्या मते माश्यांनी विचारायला हवं होतं. पाचांतली दोन फुलपाखरं निघाली. बाकी दोन कोषांचं काय झालं ते कळलंच नाही, एका पावसात ते गेले.

आजींचं पंचांग आणि बाटलीतला पाऊस

पाऊस मोजायची कल्पना मी दिली, पण ती आजींमुळे टिकली. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं होतं. बाटलीचा तळ खाचांचा असतो म्हणून आत खडे घालून, पाणी ओतून शून्याची रेषा आखायची, त्यावर पट्टी चिकटवायची. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून दादाही साडेआठलाच. सोलापूरच्या उन्हात उशीर केला तर वाफ होऊन पाऊस उडून जातो, हे त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

आजी पाऊस नक्षत्रांनी मोजतात. "पडल्या मघा, नाहीतर वरती बघा." दिनदर्शिकेत प्रत्येक नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असेल तर कमी. दादानं वहीत तीन रकाने केले: नक्षत्र, वाहन, मिलिमीटर. वडिलांना इथं ही अंधश्रद्धा आहे असं सांगून टाकायचं होतं. मी थांबवलं. आजींचं म्हणणं तपासता येण्यासारखं होतं, आणि तपासायला मुलगा तयार होता. सुरुवातीलाच निकाल दिला असता तर रकाना भरायचं कारणच गेलं असतं, आणि आजी उठून आत गेल्या असत्या ते वेगळंच.

मघा कोरड्या गेल्या. उत्तरा नक्षत्रात पाऊस बाटली भरून सांडला. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, हे आजींना माहीतच होतं, दादाच्या आकड्यांत आता ते दिसलं. वाहनं काही जुळली, काही नाही. आजी म्हणाल्या, औंदा पंचांग चुकलं. दादा म्हणाला, एका वर्षावरून सांगता येत नाही. दोघांनी ठरवलं की पुढच्या मृगापासून पुन्हा मोजायचं.

याच दिवसांत वडिलांच्या वाचनात ढगांच्या प्रयोगाची बातमी आली. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं सोलापूरच्या आकाशात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. हा भाग पर्जन्यछायेतला, म्हणून तो निवडला होता. काही ढगांत विमानातून बीजारोपण केलं, म्हणजे पाऊस पडावा म्हणून क्षाराचे बारीक कण सोडले, काही ढग मुद्दाम तसेच सोडले आणि मग तुलना केली. पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. दादाला आकड्यापेक्षा 'तसेच सोडले' हे शब्द आवडले. उघडं बॅरल ठेवायचा त्याचा हट्ट तोच होता, हे त्यानं आईला आवर्जून सांगितलं.

पुन्हा प्रदर्शन

डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन आलं आणि वडील थर्माकोल घेऊन आले. ढगांत बीजारोपण करणाऱ्या विमानाची प्रतिकृती, खाली कापसाचे ढग. दादानं नको म्हटलं. त्याला पावसाची वही आणि बाटली न्यायची होती. दोन दिवस घरात तणाव होता. वडिलांचं म्हणणं असं की सुतळीनं बांधलेली बाटली बघून लोक हसतील आणि मुलगा पुन्हा मिटेल. ही काळजी खोटी नव्हती. शेवटी बाटली गेली.

नंबर आला नाही. यात प्रयोग कुठं आहे, असं परीक्षकांनी विचारलं. दादानं रकाने दाखवले, त्यांनी पान उलटलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. तो घरी आला तेव्हा वडील काहीतरी समजावायच्या तयारीत होते. त्यांनी ते गिळलं आणि विचारलं, "उद्या दुपारची सावली कोण मोजणार?" कारण एव्हाना गच्चीवर सिमेंटच्या डब्यात तीस सेंटिमीटरचा पाइप उभा होता.

सावलीचं काम खरं तर ऑगस्टमध्येच सुरू व्हायचं होतं. सोलापुरात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा १०-११ मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टात ढगांनी काही दिसू दिलं नाही. म्हणून पाइपची सर्वांत छोटी सावली दर महिन्याला मोजत राहायचं ठरलं. २२ डिसेंबरला ती २६ सेंटिमीटर भरली. मग दर महिन्याला आखडत गेली आणि मेमध्ये, बेचाळीस अंशांच्या उन्हात, चौघं गच्चीवर अनवाणी नाचत असताना पाइपच्या बुडाशी नाहीशी झाली. घड्याळात १२ वाजून २३ मिनिटं. "बाराला का नाही?" हा प्रश्न धाकटीनं विचारला, दादानं नव्हे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरचं आहे आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला सुमारे साडेसहा अंशांवर. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. गुणाकार केला तर सव्वीस मिनिटं येतात, तेवीस नाही. राहिलेली तीन मिनिटं कुठं गेली, यावर दादा अजून आहे. मी सांगितलेलं नाही.

मध्ये जानेवारीत आम्ही त्याला बार्शी रस्त्यावर नान्नजला नेलं होतं. माळढोकासाठी तिथं १९७९ साली अभयारण्य झालं, आता तो पक्षी दिसणं जवळजवळ अशक्य. काळविटं दिसली. दादानं बराच वेळ शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलणाऱ्या एका भुंग्यापाशी काढला आणि वडील त्याला काळविटांकडे ओढत राहिले.

निष्पत्ती

वर्षअखेर विज्ञानाचे गुण होते तेवढेच राहिले, गणितात थोडे वाढले. वर्गात तो अजूनही हात वर करत नाही. घरात मात्र बोलतो, आजींशी सर्वांत जास्त. किटमधलं भिंग, मोजपात्र आणि चुंबक वापरात आले, बाकीचं खोक्यातच आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बॅरलमध्ये एकदाही अळी सापडली नाही, आणि आईनं गल्लीतल्या अकरा घरांना अस्तराची झाकणं शिवून दिली. बहिणीला ताप आला की तो अजून घाबरतो. ते पूर्ण गेलेलं नाही.

कढीपत्ता दोनदा बोडका झाला. आईला कामाच्या वेळात खोळंबा झाला, दोन गिऱ्हाइकांचे ब्लाऊज उशिरा गेले. हेही लिहायला हवं, कारण असली खटपट फुकट होते असं वाटून पुष्कळ घरं सुरू करतात आणि पहिल्या खर्चाला सोडून देतात.

वेगळं काय करता आलं असतं

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी दादाला सांगायला हवं होतं. तीन आठवडे त्या मुलानं जे एकट्यानं वाहिलं, ते पाच मिनिटांत टळलं असतं. मी सगळ्यात आधी हेच बदलेन.

मी आईला पहिल्याच भेटीत क्लास सुचवला, ती चूक होती. मुलाची वही वाचायच्या आधी मी उपाय सांगत होते. कोषांच्या बाबतीतही माझं चुकलं. कढीपत्त्यावरच्या कोषांना ही माशी लागते, हे मला ठाऊक होतं. सगळेच कोष फुटत नाहीत, एवढं आधी बोलून ठेवलं असतं तर त्या सकाळी आई गच्चीवर एकटी पडली नसती. नान्नजला आम्ही मोठ्यांनी आमच्या आवडीची सहल केली. एक भुंगा पुरला असता, आणि तो गावाबाहेरच्या कुठल्याही माळावर भेटला असता. वर्षभर वडिलांनी जो हात आवरला, तो त्या दिवशी आवरला नाही, आणि मीही काही बोलले नाही.

सर्वांत मोठी गोष्ट धाकटीची. सगळ्यांचं लक्ष दादाकडे होतं. तिचं रडणं, माश्यांनी विचारायला हवं होतं हे तिचं म्हणणं, बाराला का नाही हा तिचा प्रश्न, यातलं काहीच त्या वहीत नाही. वही दादाची. कोपरा दादाचा. मेमध्ये मी हे आईला बोलून दाखवलं.

परवा धाकटीनं लोणच्याची बरणी घासून आणली आणि तोंडाला अस्तराची जाळी शिवून मागितली. आत काय ठेवणार ते तिनं सांगितलेलं नाही, घरात कुणी विचारलेलंही नाही. पाणी तेवढं घालायचं नाही, असं आजींनी बजावलं आहे.